रक्तातली मेथी

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, पण आमच्या घरात त्याची चाहूल कॅलेंडरच्या आधी लागते. कुसुम, म्हणजे आमची सौभाग्यवती, एकाएकी जावयाबद्दल चांगलं बोलायला लागते. एरवी नितीनराव म्हणजे ‘माधुरीचा नवरा’. धोंड्याचा महिना जवळ आला की ते साक्षात नारायण होतात, आणि नारायणाला पुरणाचे धोंडे तुपात बुडवून घातले नाहीत तर सात पिढ्यांचं पुण्य बुडतं म्हणे.

यंदा अधिक ज्येष्ठात आलाय. बाहेर ऊन असं की कूलरलाही घाम फुटावा, आणि आत हरभऱ्याची डाळ निवडणं चाललंय. मी आपला फ्रिजवरची धूळ पुसत होतो. सेवानिवृत्त माणसाला घरात एवढीच खाती मिळतात. पुसता पुसता एक निळी वही हाताला लागली. कडा दुमडलेल्या, वर हळदीचं बोट उमटलेलं. मी फडकं तिथंच ठेवलं आणि वेताच्या मोड्यावर बसलो.

“आवो, धूळ पुसायला गेलता का वाचनालयात?” आतून आवाज आला.

मला मागचा धोंड्याचा महिना आठवत होता.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. रोज दुपारून भुरभुर पाऊस, दारात छत्र्यांची ओल, आणि सगळ्या घराला पुरणातल्या जायफळाचा वास. माझ्या हृदयात त्याआधी चार वर्षं एक बारीक जाळीची नळी बसवली होती. तेव्हापासून माझं हृदय हे आमच्या कॉलनीचं सार्वजनिक हृदय झालं होतं. दूधवाला विचारी, शेजारचे विचारीत, बिडकीनहून भाऊ फोन करून आधी पावसाचं विचारी आणि मग हृदयाचं. डॉक्टरांनी बजावलं होतं: रोज हर्सूलच्या तलावाकडे चालायला जा, तूप विसरा, पालेभाजी दुप्पट खा. यातलं तिसरं मी अत्यंत निष्ठेनं पाळत होतो. पहिलं पाऊस नसेल तेव्हा पाळत होतो. दुसऱ्याबद्दल पुढे येईलच.

तपासणीला गेलो असताना दवाखान्यात एक पाहणी चालू असल्याचं कळलं. साठी ओलांडलेली नवरा-बायकोची जोडपी त्यांना हवी होती. सात दिवस काय काय खाल्लं ते प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहायचं, मग दोघांचं रक्त घेणार, आणि रक्तावरून माणूस खरंच काय खातो आणि त्याच्या हृदयाला पुढे किती धोका आहे ते ताडून पाहणार. मी दोघांची नावं देऊन टाकली. कुसुमला विचारायचं राहिलं. तसं ते बऱ्याच बाबतीत राहिलेलं आहे.

वह्या घेऊन घरी आली ती सानिया. शहागंजकडची चुणचुणीत पोरगी, पाठीवर सॅक, ओढणीला पावसाचे थेंब. मला चाचा आणि कुसुमला चाची म्हणायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“चाचा, लोकांना विचारलं ना काय खाता, तर सगळे अच्छा-अच्छाच सांगतात,” ती म्हणाली. “म्हणून आम्ही खूनलाच विचारतो. पालेभाजी, गाजर, पपई खाल्ली की त्याचा जो रंग असतो ना, पिवळा-नारंगी, तो खूनमध्ये उतरतो. मोजता येतो. तूप-दुधाची निशाणी वेगळी. बेकरीतल्या डालड्याची वेगळी. सगळं दिसतं.”

“सगळं?” मी विचारलं.

“हौ, सगळं.”

मी हातातली कोरी वही मिटून मांडीखाली सारली. त्याचं कारण सांगायला हवं. माझी उभी नोकरी कालव्याच्या पाण्याची पातळी रोज नोंदवण्यात गेली. पट्टीवर आकडा बघायचा आणि वहीत मांडायचा, एवढंच काम. पण कालवा लांब होता आणि पावसाळ्यात चिखल फार असायचा, म्हणून मी तो आकडा पुष्कळदा घरी चहा पिताना, अनुभवाच्या बळावर मांडत असे. वरचे साहेब वही बघत, कालवा कोणी बघत नसे. त्यामुळे लिहिलेलं म्हणजेच खरं, अशी माझी आयुष्यभराची श्रद्धा होती. आणि आता ही पोरगी म्हणत होती की आम्ही वही बघू आणि नंतर कालवाही बघू.

माझ्या वहीचे सात दिवस वाचले तर एखाद्या ऋषीचं चरित्र वाचल्यासारखं वाटेल. भाकरी, मेथी. भाकरी, तांदुळजा. भाकरी, अंबाडी. शुक्रवारी जावयाला कापड घ्यायला मी एकटाच गुलमंडीला गेलो होतो. तिथं एका कढईतून जिलबीच्या जातीच्या, नारंगी इमरत्या निघत होत्या. पाऊस होता, निवाऱ्याला थांबणं भाग होतं, आणि फुकट थांबणं मला पटत नाही. त्या संध्याकाळची नोंद: ‘पपई, दोन फोडी.’ निदान रंग तरी मी खरा लिहिला होता. धोंड्यांचा एक नमुना घाणाही त्याच आठवड्यात झाला. नमुना चाखल्याशिवाय कसं कळणार, म्हणून मी तीन चाखले, तुपासकट. ते लिहायला वहीत जागा उरली नव्हती.

मग रक्त द्यायचा दिवस जवळ आला तशी माझी झोप उडाली. मी ठरवलं, रक्त सुधारायचं. तीन दिवस हातात होते. पहिल्या दिवशी पालकाचा रस प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिशात चार गाजरं घालून तलावाकडे गेलो आणि बांधावर उभा राहून ती कचाकचा खाल्ली. ओळखीचे एक गृहस्थ थांबले, माझ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे ना घरी?” तिसऱ्या दिवशी अख्खी पपई. त्या रात्रीचं वर्णन मी टाळतो.

सानिया सुई घेऊन आली तेव्हा मी सहज, शास्त्रीय कुतूहल म्हणून विचारलं, “दोन-तीन दिवस भाजी जास्त खाल्ली तर रक्तात फरक पडतो का गं?”

ती हसली. “चाचा, गाजर खाल्ले का? नक्को. हे कितीतरी हफ्त्यांचं जमा झालेलं असतं. इतक्या लवकर नाय बदलत.”

कुसुमनं हात पुढे करायला वेळ लावला. “माझं कशाला घेती बाई? मला काय झालंय? ह्यांचंच दोनदा घे.” माधुरीच्या वेळी बाळंतपणात घेतलं होतं, त्यानंतर तिचं रक्त कोणी घेतलंच नव्हतं. नळीत रक्त चढताना तिनं तोंड फिरवलं आणि गॅसकडे बघत राहिली. गॅसवर डाळ होती.

निकाल आला त्या दुपारी पाऊस थांबला होता. सानिया बैठकीत बसली, दोन कागद मांडीवर ठेवले. मी खुर्चीच्या टोकावर.

“चाचा, तुमच्या वहीत तूप कुठंच नाय. खूनमध्ये मात्र हाय. भरपूर.”

“ते जुनं असंल,” मी म्हणालो. “लहानपणचं. आमच्या घरी दोन म्हशी होत्या.”

“व्हय का?” कुसुम दारातून म्हणाली. “मग गुलमंडीला एका सदऱ्याचं कापड घ्यायला तीन तास कशे लागले? म्हशीबी सोबत गेल्त्या का?”

“पण चाचा,” सानिया हसू आवरत म्हणाली, “पालेभाजीचा रंग तुमचा एकदम मस्त आहे. डॉक्टरसाहेब बोलले, वयाच्या आणि जुन्या दुखण्याच्या मानानं धोका बराच कमी झालाय.”

मी उभाच राहिलो. मला पेढे वाटावेसे वाटले, मग पेढ्यांचीही निशाणी रक्तात उतरते हे आठवून बसलो. त्या पाच मिनिटांत मी पालेभाजीवर जे बोललो ते ध्वनिमुद्रित करायला हवं होतं. मनाचा निग्रह, शिस्त, साधं जीवन वगैरे. ऐकणाऱ्या दोघींपैकी एकीनंही मान हलवली नाही.

सानियानं दुसरा कागद वर घेतला आणि तिचा आवाज बदलला. “चाची, तुमची वही आणि तुमचा खून एकाच बाईचा वाटत नाय.”

वहीत कुसुमच्या टपोऱ्या अक्षरात रोज पालेभाजी होती, कोशिंबीर होती, दही होतं. माझ्या वहीपेक्षाही सात्त्विक. आणि रक्तात पालेभाजीचा रंग नसल्यात जमा. वर बेकरीतल्या डालड्याची खूण, ती मात्र ठळक. सगळं ताडून पाहिलं तर तिच्या हृदयाचा धोका माझ्यापेक्षा जास्त निघत होता. जाळी माझ्या छातीत आणि धोका तिच्या.

मी भडकलो. भीती वाटली की मी भडकतो, हे मला आता कळतं. “नळ्या बदलल्या तुम्ही!” मी म्हणालो. “ही बाई वर्षातनं साठ उपास करती. तुपाचं बोट चाटत नाय. माझ्या नळीवर हिचं नाव लावलं असणार!”

“मग चाचा, तो अच्छा वाला खून चाचीचा. तुम्हाला चालतंय?”

मला ते चालत नव्हतं, आणि दुसरंही चालत नव्हतं. पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं.

मधले चार दिवस मी कुसुमकडे बघत काढले. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे इतकं सलग बघितलं नव्हतं. ती जिना चढताना सातव्या पायरीवर थांबायची आणि कठड्यावरची नसलेली धूळ पदरानं पुसायची. मला ते नेहमीचं, टापटिपीचं वाटायचं. त्या चार दिवसांत कळलं की ती धूळ पुसत नव्हती, दम खात होती. मी विचारलं तर म्हणाली, “पित्त हाय. आलं चाटलं की जातंय.” माझ्या साध्या ढेकरेला आमच्याकडे रिक्षा बोलावली जायची, आणि तिच्या दमाला आलं पुरत होतं. मला स्वतःची लाज वाटली. ती लाज मी तिला बोलून दाखवली नाही, जिन्यात एक स्टूल नेऊन ठेवलं. त्याला अडखळून दुसऱ्या दिवशी मीच पडलो.

दुसऱ्यांदा घेतलेलं रक्तही तेच बोललं. सानिया या खेपेला कागद बाजूला ठेवून स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसली आणि कुसुमची वही उघडली.

“चाची, बुधवार. दुपारी. दोन भाकरी, मेथीची भाजी, वरण, काकडीची कोशिंबीर, दही. हे तुम्ही खाल्लं?”

“हे मी केलं ना,” कुसुम म्हणाली.

“केलं, हौ. खाल्लं का?”

कुसुमनं जरा विचार केला. तिला प्रश्नच विचित्र वाटत होता. “आता बाई, एवढं निवडलं, धुतलं, चिरलं, फोडणी घातली, वाढलं. लिवायचं तर तेच लिवणार ना? माझ्या घरी त्या दिवशी हेच होतं.”

“मग तुम्ही काय खाल्लं?”

कुसुमनं फळीवरच्या डब्यांवरून नजर फिरवली. लपवत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. “चहा असंल,” ती म्हणाली. “खारी. डब्यात खारी असतीच, ह्यांच्यासाठी बंद केली तशी मीच संपवती. मग सगळ्यांचं झाल्यावर भाकरी, उरलं असंल त्याच्याशी. चटणी, नायतर लोणचं.”

“भाजी?”

“भाजी?” कुसुमनं मान ताठ केली, आणि जे म्हणाली ते मोठ्या अभिमानानं म्हणाली. “आमच्यात भाजी उरत नाय.”

सानियानं माझ्याकडे बघितलं. मी कढईकडे बघितलं. कढई ओट्यावर पालथी घातलेली, लख्ख. ती लख्ख कशी होत होती ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी दुप्पट भाजी सांगितली तेव्हापासून मी जेवण झालं की शेवटचा भाकरीचा तुकडा कढईत फिरवून घेत असे. कुसुम कौतुकानं बघायची. ‘आवडली वाटतं,’ म्हणायची. मेथीची जुडी दिसायला भारा, शिजली की मूठभर. डॉक्टरांनी भाजी दुप्पट केली, पण जुडी एकच राहिली. म्हणजे माझी दुप्पट झाली ती कुठून झाली? साधं त्रैराशिक होतं, आणि एका शेतात पाणी वाढलं की दुसऱ्यातलं घटतं हे कालव्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. माझ्या रक्तातला तो मस्त रंग, ज्यावर मी पाच मिनिटं भाषण ठोकलं, तो तिच्या वाटणीचा होता. मला तिथं, पाटावरच्या त्या परक्या पोरीसमोर, रडू आलं. मी म्हणालो, कांदा चिरलाय वाटतं. कांदा कोणी चिरला नव्हता.

पुढचं दवाखान्याचं वेळेत झालं. कुसुमच्या छातीचा आलेख काढला, तपासण्या झाल्या, पित्त हे पित्त नव्हतं हे कळलं. गोळ्या सुरू झाल्या. “वेळेवर आणलंत,” डॉक्टर मला म्हणाले, आणि मी ते श्रेय घेतलं नाही. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं असेल. पहिल्यांदा कधी झालं ते आठवत नाही.

पण खरी लढाई घरी होती. कुसुमला जेवायला बसवणं. दोन जुड्या आणल्या तर तिनं दुसरी शेजारी देऊन टाकली. आधी वाढून घे म्हटलं तर म्हणाली, “पुरुषमाणसं उपाशी आन् मी गिळत बसू?” गोळ्यांची भीती घातली, माधुरीकडून फोन करवला, काही उपयोग नाही. शेवटी सानियानं काम केलं. तिनं फक्त एवढं सांगितलं की जुनी वही रद्द, चाचीनं या नव्या निळ्या वहीत पुन्हा सात दिवस लिहायचे, आणि या खेपेला तोंडात गेलं तेवढंच. बस. कुसुमनं पहिल्या दिवशी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘चहा, खारी.’ दुसऱ्या दिवशी, ‘चहा, खारी, भाकरी, चटणी.’ तिसऱ्या दिवशी ती वही उघडी ठेवून बराच वेळ बघत बसली. “शोभतंय का हे?” ती म्हणाली. “दवाखान्यात चार शिकलेली माणसं वाचतील. म्हणतील, कोणत्या घरातली बाई हाय.”

चौथ्या दिवशी नितीनराव आणि माधुरी धोंड्यासाठी आले. बैठकीत पाट मांडले, रांगोळी घातली. नारायणासमोर तांब्याचं ताट, त्यात तेहतीस अनारसे. धोंड्यांवर तूप असं ओघळत होतं की मी खिडकीबाहेर बघायचं ठरवलं. माणसं आम्ही चार, पण मांडून झालेले पाट मोजले तर तीनच भरले. तीनच मांडायची आमची सवय, चौथं माणूस वाढायला. चौथा मी कुसुमच्या नावानं मांडला. माधुरीनं आईच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि वाढायला मीच उभा राहिलो. माझं वाढणं बघून नितीनरावांनी आपलं ताट दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

कुसुम बसली. अवघडून, पदर सारखा करत. तिचं एक लक्ष गॅसकडे आणि एक जावयाकडे. मी तिच्या ताटात पहिल्यांदा मेथी वाढली, कढईतली, वाफ येत असलेली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि तोंडात घातली. चावता चावता थांबली. पुन्हा एक घास घेतला. पुन्हा थांबली.

मी हातातली कढई खाली ठेवली. “काय झालं? छातीत दुखतंय का?”

“ही भाजी,” ती हळू म्हणाली, “मीच केली ना?”

“तूच.”

“कडू हाय.”

नितीनराव सज्जनपणे म्हणाले, “नाही नाही, छानच झालीय.” माधुरी म्हणाली, “आई, तुझी मेथी कडूच असते. झाकण घालून शिजवतेस ना तू.”

कुसुमनं माझ्याकडे बघितलं. “आन् तुम्ही इतकी वर्षं खाल्ली? कढई पुसून? एका शब्दानं बोलला नाय?”

आता इथं मी सांगू शकलो असतो की तुझं मन दुखवायचं नव्हतं. चांगलं दिसलं असतं. पण त्या महिन्यात मी खोटं लिहून पुरता पकडला गेलो होतो. “मला वाटलं,” मी म्हणालो, “मेथी अशीच असती.”

आधी माधुरी हसली, मग नितीनराव, आणि मग कुसुम अशी हसली की डोळे पुसायला तिला पदर पुरेना. हसता हसता तिनं ताटातली सगळी भाजी संपवली. हात धुऊन आली, फ्रिजवरची वही काढली, आणि जावई धोंड्याचं तूप निपटत असताना, सगळ्यांसमोर मांडीवर वही घेऊन लिहायला बसली.

तीच वही आता माझ्या हातात आहे. आतून कुकरची शिट्टी झाली. बाजारातून आज दोन जुड्या आणायच्यात, आणि तिच्या गोळ्या. चार पावलांवर ती डाळ निवडते आहे, मला हाका मारते आहे, तिचा आवाज खणखणीत आहे. मी चौथ्या दिवसाचं पान उघडून अक्षराला बोट लावून वाचतो.

‘मेथीची भाजी, एक वाटी. गरम. कडू. मी खाल्ली.’